न दुखणारे गुडघे

तन्मयीच्या उजव्या गुडघ्यातून पाणी काढण्याची ती चौथी वेळ होती. सुई बाहेर आली, नळीत पिवळसर द्रव जमला, आणि डॉ. हर्डीकरांनी हातमोजे काढता काढता सांगितलं की काळजीचं काही नाही, सांध्याला नव्या आकाराची सवय व्हायला वेळ लागतो. हेच त्यांनी पहिल्या वेळी सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी आणि तिसऱ्या वेळीही. सोळा वर्षांची तन्मयी छताकडे बघत पडून होती. तिची आई कालिंदी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, आणि या माणसाच्या हातातली नळी हिसकावून भिंतीवर फोडावी असं तिला वाटत होतं.

तिने तसं केलं नाही. लेकीला हात दिला, कुबडी दिली, आणि दोघी बाहेर पडल्या. घरी पोचेपर्यंत तन्मयी एकदाच बोलली.

"पुढच्या वेळी तू येऊ नकोस. मी बाबांबरोबर येईन."

कालिंदीने मान डोलावली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. ज्या यंत्राने तन्मयीचा गुडघा सदोष ठरवला, ते यंत्र कालिंदी स्वतः चालवत होती.

नांदुरशिंगच्या निवासी क्रीडाशाळेत ती तपासनीस होती. तिचा नवरा दिगंबर तिथेच खो-खोचा मार्गदर्शक. बालाघाटच्या पायथ्याचं ते एवढंसं गाव, पण खो-खोत राज्याच्या संघात दरवर्षी तिथली चार-पाच मुलं असायचीच. कालिंदीही त्याच मैदानावर अकरा वर्षं खेळलेली. खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं जुनी माणसं अजून सांगतात.

तीन वर्षांपूर्वी शाळेत जानुवेध आलं. दिसायला साधंच, गुडघ्याभोवती बांधायचा एक रुंद पट्टा, आत चिमुकल्या स्फटिकांच्या रांगा. हे स्फटिक कानाला ऐकू न येणारा आवाज गुडघ्यात सोडतात आणि परत येणारा पडसाद टिपतात. पट्टा बांधून मुलाने दहा उठाबशा काढल्या की चार मिनिटांत हलत्या गुडघ्याचं आतलं चित्र पडद्यावर उभं राहायचं. मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि त्यांच्यामध्ये दबून, सरकून, पुन्हा फुगणाऱ्या कूर्चेच्या दोन गाद्या, सगळं स्पष्ट.

या गाद्या बहुतेकांच्या चंद्रकोरीसारख्या असतात. कडेला जाड, आत पातळ होत जाणाऱ्या, मधे मोकळ्या. पण काही मुलं जन्मतःच वेगळी गादी घेऊन येतात. बाहेरच्या बाजूची गादी चंद्रकोर न होता पूर्ण चकती होते, भाकरीसारखी सलग आणि नेहमीपेक्षा जाड. नडगीच्या हाडाचा माथा ती झाकून टाकते. शंभरात दोघांची असते, पाचांची असते, आपल्याकडे कदाचित त्याहून जास्त. बऱ्याच जणांना ते आयुष्यभर कळतही नाही. काहींचा गुडघा मात्र वाकवताना कट्कन वाजतो, मधेच अडकतो, सरळ होत नाही, कारण जाड चकती हाडांच्या चिमटीत सापडते आणि फाटते.

जानुवेधचं वैशिष्ट्य चित्रात नव्हतं, हिशेबात होतं. चित्र मिळालं की ते यंत्र त्या गुडघ्याला पडद्यावर तीस वर्षं पळवायचं. किती भार कुठे पडेल, गादी कुठे फाटेल, हाड कधी उघडं पडेल, याचं गणित मिनिटभरात करून शेवटी एक आकडा द्यायचं. त्याला झीज-अंक म्हणत. साठच्या वर आकडा गेला की पडदा लाल. लाल मुलांसाठी 'अग्रिम दुरुस्ती' होती. विभागीय केंद्रात डॉ. हर्डीकर यंत्रहाताने, दुर्बिणीतून, चाळीस मिनिटांत चकती कापून तिची चंद्रकोर करायचे. दुखणं सुरू होण्याआधीच दुखण्याचं मूळ संपवायचं. परिपत्रकात सक्ती नाही असं लिहिलेलं होतं. त्याच्याच खालच्या ओळीत, लाल मुलांचा अंतिम निवडीसाठी विचार होणार नाही, असंही लिहिलेलं होतं.

तन्मयीचा आकडा अठ्ठ्याहत्तर आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती, संघात सगळ्यात वेगवान, आणि तिचा गुडघा कधी एक दिवस दुखला नव्हता. दिगंबर स्पर्धेसाठी मुलांना घेऊन बाहेरगावी होता. फोनवर म्हणाला, निवड पुढच्या महिन्यात आहे, उशीर करू नकोस. तन्मयीने विचारलं होतं की दुखत नाही तर कापायचं कशाला. कालिंदीने उत्तर दिलं होतं, "आपल्याला आजचं दिसतं, यंत्राला पुढचं दिसतं." आणि सही केली होती. आधी उजवा, सहा महिन्यांनी डावा, असं ठरलं.

डाव्याची वेळ आलीच नाही. उजवा पहिल्या दोन महिन्यांत बरा वाटला, मग सुजायला लागला. खो-खोत पाटीवर उकिडवं बसावं लागतं, आणि तन्मयीला उकिडवं बसता येईना. मग जिना उतरता येईना. वर्षभराने पडद्यावर दिसलं ते कालिंदीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चंद्रकोर नेमकी चित्रासारखी कापली होती, पण तिची कड इतकी अरुंद उरली होती की उडी मारली की ती बाहेर ढकलली जात होती, आणि मागे हाडावर हाड घासत होतं. डाव्या गुडघ्यात तशीच चकती होती. तिला कुणी हात लावला नव्हता. तो गुडघा ठणठणीत होता.

हे दिगंबरला दाखवलं तेव्हा तो चिडला. एखाद्याचं बिघडतं, म्हणाला, म्हणून काय सगळं वाईट? त्याच्या संघातल्या नऊ मुलांची दुरुस्ती झाली होती आणि त्यातल्या तिघांना पदकं मिळाली होती. तन्मयीचं नाव निघालं की तो मैदानावर निघून जायचा. घरात तिघं तीन वेळांना जेवू लागली.

चौथ्यांदा पाणी काढून आल्यावर पाच-सहा दिवसांनी कालिंदी तपासणी-खोलीत एकटी होती. पट्टा बरोबर चालतो की नाही हे ती दर सोमवारी एका रबरी गुडघ्यावर पाहायची. त्या दिवशी तो रबरी गुडघा सांध्यापाशी तडकलेला निघाला. दुसरा यायला आठवडा लागणार होता. तिने साडी वर खोचली, पट्टा स्वतःच्या पायाला बांधला आणि दहा उठाबशा काढल्या.

पडदा लाल झाला.

बाहेरच्या बाजूला चकती होती. जाड, सलग, भरलेली. तिने पट्टा दुसऱ्या पायाला बांधला. तिथेही तीच. खाली आकडा होता, एक्क्याऐंशी, आणि त्याच्याखाली यंत्राचा शेरा, 'खेळ चालू ठेवल्यास वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत सांधा निकामी होण्याची दाट शक्यता.'

कालिंदी सेहेचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षं ती रोज त्या मैदानावर बसली, उठली, पळली, आपटली होती. आजही जमिनीवर बसून भाजी चिरायची.

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. तिला आधी वाटलं यंत्र बिघडलं, पण यंत्र बिघडलं नव्हतं. चित्र अगदी खरं होतं. खोटा होता तो आकडा, आणि तो आकडा तिने तीन वर्षं, पडद्यावरून वाचून, शेकडो आई-बापांना सांगितला होता.

तिने जुन्या मैत्रिणींना फोन लावायला सुरुवात केली. तिच्या वेळच्या, तिच्या आधीच्या, नंतरच्या. रविवारी शाळा रिकामी असायची तेव्हा त्या येत. कुणी अंगणवाडीत होती, कुणी ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर आशाताई, कुणी तालुक्याला पोलीस. मैदानाकडे बघत जुन्या सामन्यांवरून भांडत, मग हसत हसत पट्टा बांधून घेत. पाच रविवारांत एकतीस जणी झाल्या. सात जणींच्या गुडघ्यात चकती निघाली. त्यांतल्या एकीला तरुणपणी त्रास झाला होता आणि त्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या पायात चकती तशीच होती. उरलेल्या सहा जणींना काही माहीतच नव्हतं, कारण त्यांना कधी काही झालंच नव्हतं. सातही जणींना यंत्राने बाविशीच्या आत निकामी ठरवलं.

हे घेऊन ती डॉ. हर्डीकरांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. रुग्णांशी गोड बोलत, स्वतःच्या हाताने पट्टी बांधत. जानुवेधचा हिशेब बांधणाऱ्या चमूत ते होते आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांनी कागद पाहिले आणि समजावण्याच्या सुरात सांगितलं की एकतीस हा काही आकडा नव्हे, यंत्र नव्वद हजार गुडघ्यांवरून शिकलं आहे.

"ते नव्वद हजार कुठून आणले?" कालिंदीने विचारलं.

देशभरातल्या रुग्णालयांतून, ते म्हणाले.

"म्हणजे जे लंगडत तुमच्याकडे आले, ते. माझा गुडघा दुखला नाही, म्हणून मी कधी आले नाही. यंत्राने दुखणाऱ्या चकत्या तेवढ्या पाहिल्या, आणि ठरवलं की चकती म्हणजे दुखणंच. न दुखणारा एक तरी गुडघा तुम्ही त्याला दाखवला होता का?"

हर्डीकरांनी कागद पुन्हा एकदा चाळले. त्यांना मुद्दा कळला होता. तो कळल्याचं कालिंदीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि म्हणूनच पुढे ते जे बोलले त्याचा तिला जन्मभर राग राहिला. ते म्हणाले, यावर आमच्या समितीत सवडीने चर्चा करू, तोवर हे बाहेर बोलू नका, पालक उगाच घाबरतील.

तिने तन्मयीच्या कडेबद्दलही विचारलं. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की यंत्रहात आदर्श चंद्रकोर समोर ठेवून कापतो. चकतीतले धागे मुळात चंद्रकोरीसारखे विणलेले नसतात, विस्कटलेले असतात, त्यामुळे तिची कड जरा रुंद ठेवावी लागते, हे आता लक्षात येत आहे.

"आता," कालिंदी म्हणाली आणि उठली.

पुढच्याच आठवड्यात नव्या प्रवेशाची तपासणी होती. दहा-दहा वर्षांची चौसष्ट मुलं, बरोबर पालक. सकाळी आठपासून रांग. कालिंदीने खोलीचं दार उघडं ठेवलं, सगळ्यांना आत बोलावलं आणि पट्टा बांधण्याआधी आपला स्वतःचा गुडघा पडद्यावर दाखवला. चकती म्हणजे काय ते सांगितलं. आकडा वाचून दाखवला, आणि आपलं वय सांगितलं. मग सांगितलं की ज्या मुलाचा गुडघा अडकतो, सुजतो, सरळ होत नाही, त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं, उपचार आहे आणि चांगला आहे. पण ज्याला काही होत नाही त्याच्या चांगल्या गुडघ्यात निव्वळ या आकड्यासाठी सुरी घालू देऊ नका. माझ्या मुलीच्या घातली, ती आज जिना उतरू शकत नाही.

मागे दारात दिगंबर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी सहा मुलं लाल निघाली. सहाही पालकांनी दुरुस्तीला नकार दिला. त्यात जोया आतार नावाची एक काटक मुलगी होती. तिचे वडील सलीम आतार गावात वेल्डिंगचं दुकान चालवत. जाताना त्यांनी कालिंदीला दोन्ही हात जोडले.

दिगंबरने घरी आल्यावर जेवणाचं ताट सरकवलं. म्हणाला, तू माझ्या नऊ मुलांच्या आई-बापांची झोप उडवलीस. कालिंदी म्हणाली, त्यांची झोप उडायलाच हवी. एवढ्या वर्षांत ते दोघं एकमेकांवर असे कधी ओरडले नव्हते. आतल्या खोलीत तन्मयी होती, तिने दार लावून घेतलं.

कालिंदीला निलंबित केलं गेलं. कारण लिहिलं होतं, 'अधिकारकक्षेबाहेरील वैद्यकीय सल्ला'. पण चौसष्ट पालकांपैकी एक जण तालुक्याच्या वर्तमानपत्रात होता. बातमी आली, मग दुसरी आली. इतर क्रीडाशाळांतले आई-बाप उठले. पुढे एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या चमूने, गुडघ्याची काही तक्रार नसलेल्या बाराशे लोकांना पट्टे बांधले. शंभराहून जास्त जणांत चकती निघाली, आणि त्यांतले कित्येक साठी ओलांडलेले, शेतात उकिडवं बसून खुरपणारे होते. आठ महिन्यांनी अग्रिम दुरुस्ती बंद झाली. परिपत्रकात शब्द होता 'पुनरावलोकनासाठी स्थगित'. तोवर दोनशे चौदा मुलांचे गुडघे कापले गेले होते. सदतीस जणांची गत तन्मयीसारखी झाली होती. माफी कुणी मागितली नाही. कालिंदीला कामावर परत घेतलं. ते पत्र तिने वाचलं आणि सरळ चुलीत घातलं. मग दुसऱ्या दिवशी कामावर गेली, कारण पट्ट्यासमोर दुसरं कुणी बसलेलं तिला नको होतं.

दिगंबरने स्वतःच्या नऊ मुलांना एकेक करून तिच्याकडे तपासायला आणलं. त्यातल्या दोघांच्या कडा अरुंद निघाल्या, तेव्हा तो खोलीबाहेरच्या पायरीवर बसून राहिला.

हे इथेच थांबलं असतं, तर कालिंदीला निदान एका बाबतीत आपण बरोबर होतो एवढं समाधान मिळालं असतं. पण दीड वर्षानंतर एका सकाळी सलीम आतार तपासणी-खोलीत आले. जोया त्यांच्या पाठीवर होती. तिचा डावा गुडघा आदल्या दिवशी सरावात अडकला होता आणि सरळच होत नव्हता. तिला खुर्चीत ठेवून ते कालिंदीसमोर उभे राहिले.

"मॅडम, तुम्हीच नको म्हणालात. सहा महिन्यांपासून कटकट वाजत होता. मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय, हात लावायचा नाही. पोरगी रडत होती आणि मी तिला गप्प करत होतो."

कालिंदीने पूर्ण काय सांगितलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. अडकला तर न्या, असं ती म्हणाली होती. पण सलीमभाईंच्या कानात उरलं होतं ते एवढंच, की सुरी घालू देऊ नका. ती चिडून बोलली होती, आणि चिडून बोललेल्यातलं तेवढंच माणसाच्या लक्षात राहतं. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. जोयाच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकवला, बोटांखाली बाहेरच्या बाजूला ती जाड कड सटकन हलली. पट्टा बांधला आणि जेवढा हलतो तेवढा पाय हातानेच हलवला. चकती मधोमध फाटली होती आणि मागच्या बाजूने सुटून पुढे गुंडाळली गेली होती.

"आता हात लावायलाच हवा," ती म्हणाली. "आणि मी बरोबर येते."

सोलापूरला डॉ. वसुधा कानडे होत्या. यंत्रहात न वापरता स्वतः दुर्बिणीने काम करणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या बाई. कालिंदीने तन्मयीचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि असं होता कामा नये, एवढंच सांगितलं. डॉ. कानड्यांनी सलीमभाईंना कागदावर काढून दाखवलं. चकतीचा मधला फाटका भाग काढायचा, पण चंद्रकोर करण्याच्या नादाला लागायचं नाही. कडेला आठ मिलिमीटर ठेवायचं. मागे सुटलेली बाजू टाके घालून जागेवर बसवायची, नाहीतर कितीही सुंदर कापलं तरी ती पुन्हा सरकेल. सहा आठवडे गुडघ्याला आधाराचा पट्टा, नंतर व्यायाम, घाई नाही. दुसऱ्या पायात असेलच, पण तो दुखत नाही तोवर त्याच्याकडे बघायचंही नाही.

जोयाला तीन टाके पडले. सहा आठवड्यांनी पट्टा निघाला. व्यायामासाठी सलीमभाई तिला आठवड्यातून तीनदा कालिंदीच्या घरी आणू लागले, कारण शाळेच्या खोलीपेक्षा अंगणात जागा जास्त होती. पहिले काही दिवस तन्मयी आतच बसून राहायची. मग पुस्तक घेऊन दारात बसू लागली. ती आता अठरा वर्षांची होती, बारावीला होती, काठीशिवाय चालत होती, पण पळणं संपलं होतं. डॉक्टरांनी तिशीतच कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागेल असं सांगून ठेवलं होतं.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी जोया अंगणात भिंतीचा आधार न घेता उकिडवी बसली. पूर्ण बसली, टाचा टेकवून, आणि उठली. सलीमभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. ते दोघं गेल्यावर कालिंदी अंगणातली सतरंजी गुंडाळत होती.

"तिचं बरं झालं," दारातून तन्मयी म्हणाली.

कालिंदी थांबली.

"तीच चकती. तेच ऑपरेशन. तिचं बरं झालं. मग माझं का नाही?"

कालिंदीकडे या प्रश्नाची उत्तरं तयार होती. दोन वर्षं ती सभांमधून, पत्रांमधून, चौकशीसमोर तीच देत आली होती. नव्वद हजार गुडघे, आदर्श चंद्रकोर, अरुंद कड, हर्डीकर, परिपत्रक. सगळी खरी होती. सतरंजी हातात धरून ती उभी राहिली आणि त्यांतलं एकही तिच्या तोंडून निघेना.

"तिचा दुखत होता," ती म्हणाली. "तुझा दुखत नव्हता. तू मला तसं सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. मी सही केली."

तन्मयीने पुस्तक मिटलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण चार वर्षांत पहिल्यांदाच ती आईकडे सरळ बघत होती.

"परत म्हण," ती म्हणाली.

कालिंदीने पुन्हा म्हटलं.